गाडीचं साल १९४९ (दोन गोष्टी सोडून)

पेट्रोल भरायला उभा राहिलो की कुणीतरी हटकून विचारतं, "कुठल्या सालची?" माझ्याकडे याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. कागदावर गाडी १९२९ ची, फोर्ड मॉडेल ए रोडस्टर. रोडस्टर म्हणजे टप कापडाचा आणि दारांना काचा नाहीत. पण मी ती १९२९ ची म्हणून बांधलेली नाही. १९४९ च्या उन्हाळ्यात, लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या एका बावीस वर्षांच्या पोरानं घरामागच्या शेडमध्ये बांधली असती तर ती कशी दिसली असती, तशी ती आहे. हा पोरगा मी मनानं उभा केलेला आहे. आमच्या घरात त्याला नुसतं 'पोरगा' म्हणतात. माझ्या खऱ्या पोराला त्यामुळं 'चिरंजीव' म्हणावं लागतं आणि ते त्याला अजिबात आवडत नाही.

अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. हा शब्द ऐकला की बरेच जण ज्वाळा रंगवलेली, क्रोमनं चमचमणारी गाडी डोळ्यांपुढे आणतात. ती मंडळी नंतरची. सुरुवात झाली ती गरिबीतून. मॉडेल ए फोर्ड १९२७ अखेर ते १९३१ पर्यंत लाखांनी निघाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती भंगारात कवडीमोल मिळायला लागली. चार सिलेंडर, ४० अश्वशक्ती. मग १९३२ मध्ये फोर्डनं व्ही-एट, म्हणजे आठ सिलेंडरचं इंजिन आणलं, ६५ अश्वशक्तीचं, तेही सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत. पोरांनी हिशेब केला. जुनी हलकी गाडी घ्यायची, मडगार्ड काढायचे, फूटबोर्ड काढायचे, वजन जेवढं उतरवता येईल तेवढं उतरवायचं, आणि पुढं ठोकर खाल्लेल्या दुसऱ्या गाडीचं व्ही-एट टाकायचं. पळवायला मोहावी वाळवंटातली कोरडी तळी होतीच. १९३७ मध्ये या पोरांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. म्युरॉकचं तळं पुढं लष्करानं घेतलं, आज तिथं एडवर्ड्स हवाई तळ आहे. मग सगळे एल मिराजला गेले. तिथं आजही शर्यती होतात.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात अण्णांचं इंजिन बोअरिंगचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथंच. कूलंटच्या वासावर वाढलो म्हटलं तरी चालेल. आता कॅलिफोर्नियातल्या कोरोना गावात राहतो. (गाव खरंच आहे, त्या साथीच्या कितीतरी आधीपासून. २०२० साली पत्ता सांगताना लोक एक पाऊल मागं सरायचे.) नोकरी कारखान्यात मापं तपासायची. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात चूक काढायची. हाताला काही लागत नव्हतं बरीच वर्षं.

शेजारी एक ८६ वर्षांचे गृहस्थ राहतात. आम्ही घरात त्यांना आबा म्हणतो. एकदा त्यांना सांगितलं की हे नाव तुमचं आहे, तर खूश झाले. १९४९ मध्ये आबा अकरा वर्षांचे होते आणि त्यांच्या थोरल्या भावाकडे अशीच गाडी होती. भाऊ त्यांना पहाटे तीनला उठवून एल मिराजला न्यायचा. मी मॉडेल एचा सांगाडा ट्रेलरवरून घरी आणला त्या दिवशी आबा कुंपणाशी उभे होते. मी उत्साहात माझी यादी वाचून दाखवली. अ‍ॅल्युमिनियमची हेड, चार कार्बोरेटर, मॅग्नेशियमचा मागचा एक्सल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगळं विकत कोण घेतंय?"

"मीच की."

"तू नाही. गाडी बांधणारा पोरगा कोण? त्याला पगार किती? ते आधी ठरव."

इथं सगळं फिरलं. तोवर जुन्या पद्धतीची गाडी म्हणजे त्या काळातले जेवढे भारी पार्ट मिळतील तेवढे एका जागी लावायचे, अशी माझी समजूत होती. बहुतेक लोक तेच करतात. प्रत्येक पार्ट त्या काळातला असतो आणि गाडी मात्र कुठल्याच काळातली वाटत नाही, कारण एवढं सगळं एका पोराकडे तेव्हा कधीच नव्हतं. मग आम्ही पोरगा ठरवला. नौदलातून सुटून आलेला, कारखान्यात कामाला, घरी आई. पैसे एकाच चैनीपुरते. बाकी सगळं भंगारातून. नियम दोन: १९४९ च्या पुढचं काही नको, आणि त्याला परवडलं नसतं ते नको. दुसरा नियम पहिल्यापेक्षा फार अवघड निघाला. पहिल्या नियमाला पुस्तक उघडून तारीख बघता येते. दुसऱ्यात आपलीच हौस आडवी येते.

चैन कशाची, यावर आबा आणि मी महिनाभर वाद घातला. शेवटी ठरलं, दोन कार्बोरेटरची मॅनिफोल्ड. हेड मूळचेच, बिडाचे, फक्त मिलिंग करून कम्प्रेशन वाढवलेले. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमही मूळचाच. इस्केंडेरियन या नावाजलेल्या कारागिराकडून कॅम घासून आणायची पोराची इच्छा असेल, पण पैसे संपले.

इंजिन १९४६ ते ४८ मधलं, फोर्डचं ५९एबी मॉडेल. २३९ घन इंच, म्हणजे ३.९ लिटर, १०० अश्वशक्ती. याला फ्लॅटहेड म्हणतात, कारण व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकात आहेत. हेड म्हणजे नुसतं झाकण. व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवलं तर ते बराच वेळ बघत राहिले.

"आरं, रॉकर कुठाय?"

"नाही अण्णा, व्हॉल्व्ह खाली ब्लॉकात आहेत."

"मग डिस्पोजलच्या जीपगत हाय की! सांग की तसं."

लष्करानं लिलावात काढलेल्या विलीस जीपची इंजिनं त्यांनी तरुणपणी उघडली होती, तीही साइड व्हॉल्व्हचीच. त्या दिवसापासून अण्णांचा आणि या गाडीचा सांधा जुळला. त्याआधी त्यांच्या मते मी भंगारावर डॉलर उधळत होतो.

फ्लॅटहेडचं दुखणं त्याच्या बांधणीतच आहे. व्हॉल्व्ह ब्लॉकाच्या मधल्या खोबणीत, दोन ओळींच्या बेचक्यात. पण एक्झॉस्ट बाहेरच्या बाजूनं निघतो. म्हणजे जळलेला गॅस सिलेंडरांच्या मधून, पाण्याच्या जॅकेटमधून वाट काढत ब्लॉकाच्या आरपार जातो. त्यातही प्रत्येक बाजूला सिलेंडर चार आणि एक्झॉस्टची भोकं तीन, कारण मधल्या दोघांचा संसार एकाच भोकात. ती सगळी उष्णता पाण्यात उतरते. म्हणून हे इंजिन तापतं, आणि तापून तापून व्हॉल्व्ह सीटपासून सिलेंडरपर्यंत चीर पडते. न चिरलेला ब्लॉक मिळणं म्हणजे नशीब.

पोमोनाच्या जुन्या पार्टच्या बाजारात मी पहिला ब्लॉक घेतला. तो बाजार पहाटे पाचला उघडतो, लोक बॅटऱ्या घेऊन फिरतात, आणि उजाडेपर्यंत चांगला माल गेलेला असतो. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, चीर नाही. घरी आणून हेड धरून ठेवणारे स्टड काढायला घेतले. एका बाजूला २४, दोन्हीकडचे मिळून ४८. गंजून एकजीव झालेले. तीन तुटले. ते ड्रिल करून काढायला दोन शनिवार-रविवार गेले. मग अण्णांचा फोन. "मॅग्नाफ्लक्सला पैसे घालायच्या आधी रॉकेल आणि खडू लावून बघ." (मॅग्नाफ्लक्स म्हणजे चुंबकानं चिरा शोधायची तपासणी.)

उद्यमनगरात ही पद्धत लहान पोरालाही ठाऊक असते. साफ केलेल्या बिडावर रॉकेल लावायचं, मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं, आणि वर खडूची पूड फासायची. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. इथं रॉकेल रंगाच्या दुकानात डब्यात मिळतं, भाव बघून अण्णांना सांगितला नाही. खडू म्हणून चिरंजीवांच्या लहानपणी अंगणात चित्रं काढायचे जाड खडू होते, त्यातला पांढरा कुटला. अर्ध्या तासात तिसऱ्या आणि चौथ्या सिलेंडरच्या सीटपासून बोअरपर्यंत केसाएवढी रेघ उठली. आबा वाकून बघत होते. त्यांनी ही युक्ती भावाच्या हातून पाहिली होती, फक्त सत्तर वर्षांत विसरले होते. "खडू," ते स्वतःशीच म्हणाले, "बरोबर, खडूच."

तो ब्लॉक आता आमच्या अंगणात आहे. बायकोनं त्याच्या सिलेंडरांत कोथिंबीर लावलीय. पुण्याची आहे, वाया काही जाऊ देत नाही.

दुसरा ब्लॉक बेकर्सफिल्डकडच्या एका शेतघरातून आणला. खडू पांढराच राहिला, मॅग्नाफ्लक्समध्येही पास. साठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर करून घेतला. पुढची परीक्षा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह वर ढकलणाऱ्या तुकड्यांची. या इंजिनाच्या मूळ टॅपेटला गॅप जुळवायचा स्क्रूच नाही. व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक घासत घासत गॅप आणायचा, इनटेकला दहा-बारा थाऊ, एक्झॉस्टला चौदा. कमी घासला तर पुन्हा घासता येतो. जास्त घासला की व्हॉल्व्ह कचऱ्यात. स्क्रूवाले टॅपेट १९४९ मध्ये मिळत होते, पण पोराचे पैसे संपलेत हे ठरलेलं. सोळा व्हॉल्व्ह, चार रात्री, दोन वाया. फीलर गेजची पातळ पट्टी ओढताना जो बारीक अडकाव लागतो तो बोटांना कळतो, हे अण्णा म्हणायचे. मी कारखान्यात लाखो डॉलरच्या यंत्रावर मापं घेतो आणि ती पडद्यावर वाचतो. बोटांना काही कळण्याची ही वीस वर्षांतली पहिली वेळ.

कार्बोरेटर स्ट्रॉमबर्ग ९७. फोर्डनं १९३६ ते ३८ मध्ये हे वापरले. गळा ०.९७ इंचाचा म्हणून नाव ९७, आणि तो आकडा अंगावर ठळक ओतलेला असतो. नवेही निघतात आता, हुबेहूब. पण पोरानं दोन वेगवेगळ्या गाड्यांचे उचलले असते, म्हणून मीही दोन ठिकाणचे जुने घेतले. दोघं कायम भांडतात. एक जास्त ओढतो, दुसरा आळशी. जेट लहान केले, फ्लोट जुळवले. शेवटी आबांनी रबरी नळीचा तुकडा आणला, एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हींची फुस्स् एकसारखी येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं आलं ते पुरलं.

गाडीतल्या बाकी वस्तू पटकन सांगतो. समोरची जाळी १९३२ च्या फोर्डची. मागचे दिवे १९३९ चे, थेंबाच्या आकाराचे. गिअरबॉक्स १९३९ चा. ब्रेक १९४० चे, कारण फोर्डनं ऑइल ब्रेक दिले तेच मुळी १९३९ पासून, त्याआधी सगळं सळ्यांवर. मीटर स्टुअर्ट-वॉर्नरचे, एकाची काच तडकलेली, ती तशीच ठेवली. वायरिंग सहा व्होल्टचं, आणि जुन्या फोर्डप्रमाणे अर्थ प्लसला. टायर पुढं बारीक, मागं जाड, दोन्ही सोळा इंची, आपल्याकडे ज्यांना नायलॉन टायर म्हणतात ते. रेडियलची सवय असलेल्यानं जपून चालवावी, रस्त्यातली प्रत्येक खाच ही गाडी पकडते आणि तिच्यामागं जाते.

जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं मला मजा आली. प्लॅस्टिकच्या झिप टाय १९५८ च्या, म्हणून वायरींची जुडी मेण लावलेल्या दोऱ्यानं, दर दीड इंचाला गाठ मारून बांधली. चपला शिवणारा टाका आठवा, साधारण तसाच दिसतो. नायलॉनवाले नट कुठंच नाहीत. खाचांचे नट आणि स्प्लिट पिन. गाडीखाली झोपल्याशिवाय हे दिसणार नाही. आबा मात्र खरंच खाली झोपले. वर यायला दोघांना हात द्यावा लागला, पण झोपले.

रंगात मी फसलो. हौसेनं काळ्यावर क्लिअर कोट मारून घेतला. आरशासारखी झाली. आबा म्हणाले, "छान आहे. ओली दिसतेय." एवढंच. दोन दिवस मी रागात होतो. तिसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेतला आणि सगळं घासून काढलं. आता साधा काळा आहे, क्लिअरशिवाय, हातानं घोटलेला. डाव्या दाराखाली पत्र्याची लाट दिसते. ती अण्णांनाही फोनवर दिसली. "पुटी कमी पडली व्हय?" म्हणाले. मुद्दाम ठेवलीय हे त्यांना पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ती पूर्णपणे मुद्दाम नव्हतीच.

आता त्या दोन गोष्टी. ब्रेकचा मास्टर सिलेंडर १९४९ मध्ये एकच खाना असलेला असायचा. एक वॉशर फाटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. बायकोनं हे कुठंतरी वाचलं आणि सरळ सांगितलं, "तुझा तो पोरगा मेला असता तर त्याची आई रडली असती. मी तू मेलेला चालवून घेणार नाही." फरशीखाली, कुणाला दिसणार नाही असा, दोन खान्यांचा सिलेंडर बसवला. दुसरी गोष्ट पट्टे. महायुद्धानंतर भंगारात निघालेल्या विमानांचे कमरेचे पट्टे तेव्हा पोरं खरंच वापरायची, म्हणून बकल जुनं आहे. पण कापड नवं, जोखून घेतलेलं. आबांना दोन्ही सांगितलं. मास्टर सिलेंडरवर ते काही बोलले नाहीत. नंतर कळलं की भावाच्या गाडीचे ब्रेक एकदा डोंगर उतरताना गेले होते.

इंडिकेटर नाहीत, हातानं खूण करतो. डावीकडे वळताना हात बाहेर काढला की समोरून येणारे हसून हात हलवतात. वळू मात्र देत नाहीत.

गेल्या महिन्यात एल मिराजला शर्यत होती. गाडीत दोनच माणसं मावतात. आबा आणि मी पुढं, बायको आणि चिरंजीव मागून आमच्या नेहमीच्या गाडीत, पाण्याचे कॅन घेऊन. पहाटे साडेचारला निघालो. वाटेत कहोन घाट. डेव्होरपासून काही मैल जुना रूट ६६ शिल्लक आहे, तिथून आरामात गेलो. आबा थंडीत ब्लँकेट पांघरून बसलेले, तोंडावर वारा, एक शब्द नाही. मग तो रस्ता संपतो आणि मोठ्या हायवेवर यावंच लागतं. माथा चार हजार फुटांवर. ट्रक रांगत होते, आम्ही त्यांच्यामागं. पाण्याचं मीटर १९०, २००, २१० फॅरेनहाइट. मी मनात तीन आणि चार नंबरचे सिलेंडर मोजत होतो. पाणी उकळलं नाही. पण माथा मैलभर राहिला असताना इंजिननं दोन आचके दिले आणि बंद. स्टार्टर फिरतोय, पण पेट्रोल येत नाही, तापून त्याची नळीतच वाफ झालेली.

मी बोनेटकडे हात नेला आणि आठवलं, बोनेट नाहीच. चिरंजीवांनी मागून येऊन फोनवर शोधायला सुरुवात केली, रेंज नव्हती. आबा म्हणाले, "कपड्यांचे चिमटे आहेत का? लाकडी? भाऊ पेट्रोलच्या नळीला लावायचा." चिमटे कोण घेऊन येतं घाटात!

तेवढ्यात बायको उतरली. तिनं इंजिनाकडे एकदा पाहिलं, मागं मॅनिफोल्डपाशी उभा असलेला, पेट्रोल ओढणारा तो लहानसा पंप पाहिला, आणि म्हणाली, "हा एसी पंप ना?" तिच्या बाबांची फियाट होती. दर मे महिन्यात खंबाटकी घाटात ती अशीच बंद पडायची, आणि मागच्या सीटवरून उतरून फडकं भिजवायचं काम हिचं असायचं. तिनं डब्याभोवती गुंडाळलेला पंचा सोडला, कॅनमधल्या पाण्यात बुडवला, न पिळता पंपावर घातला. वाफ उठली. मग पेट्रोलच्या नळीवरही थोडं पाणी ओतलं आणि म्हणाली, "दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. पोहे खाऊन घ्या."

आबांनी रस्त्याकडेच्या कठड्याला टेकून, ट्रकांच्या धुरात, कागदी वाटीत पोहे खाल्ले. दुसरी वाटी मागितली. अकराव्या मिनिटाला बटण दाबलं आणि इंजिन लागलं. बायको पंचा काढायला गेली तर आबांनी तिला थांबवलं.

"राहू दे तो. १९४९ मध्ये फडकी होती."